एकही मूल बेपत्ता नाही

काकी बातमी ऐकायच्या त्या आमच्याकडे पाठ करून. कर्जतच्या बाजारपेठेतल्या त्या माडीवरच्या खोलीत त्यांचं टेबल खिडकीला लावलेलं होतं आणि खुर्चीचं तोंड रस्त्याकडे. आपण जिना चढून आत यायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि त्यांच्या पाठीला बातमी सांगायची. त्यांचे हात तेव्हाही रिकामे नसत. बहुतेक वेळा मांडीवर ताट घेऊन त्या मोड आलेले वाल सोलत असायच्या, कारण बिरड्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. बातमी बेताची असली की सालं निघत राहायची आणि वाल ताटात पडत राहायचे. बातमीत दम असला की हात थांबायचे. फारच असला तर खुर्ची वळायची. खुर्ची वळलेली मी माझ्या सगळ्या नोकरीत मोजक्याच वेळा पाहिली.

सुरुवातीला मला हा अपमान वाटला. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काकी, तुम्ही बघत का नाही माझ्याकडे?"

"बघितलं की तू माझं तोंड वाचतीस," त्या म्हणाल्या. "मला काय आवडतंय ते तुला कळतं, मग तू बातमी फुगवतीस. माझ्या पाठीला सांग. जेवढी हाय तेवढीच येती."

त्यांचं नाव सुमन म्हसे. पण हे नाव फक्त आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तळाला छापलेलं असे, संपादक म्हणून. साप्ताहिक त्यांच्या यजमानांनी सुरू केलेलं. ते अचानक गेले तेव्हा दिरांनी समजुतीने सांगितलं, वहिनी, आता हे बंद करा. काकी म्हणाल्या, "शुक्रवारी अंक निघायचा हाय. तो निघू दे, मग बघू." पुढचा शुक्रवार आला, त्याच्या पुढचा आला आणि बंद करायचा विषय तिथेच राहिला. मूलबाळ त्यांना नव्हतं. दिरांचा मुलगा संदेश शाळा सुटली की घरी न जाता थेट ऑफिसात यायचा, त्यांच्या डब्यात जेवायचा, छापून आलेल्या कच्च्या पानांवर अक्षरं लावत वाचायला शिकला. त्याची ती "काकी, काकी" अशी हाक ऐकून प्रेसवाले, जाहिरातवाले, फौजदार, सगळेच त्यांना काकी म्हणायला लागले. मी खालापूर तालुक्यातल्या चौकची. बी.ए. करून, एक स्कूटी आणि पत्रकार व्हायची भलतीच घाई घेऊन त्यांच्याकडे आले, तोवर संदेश मोठा होऊन बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर झाला होता. पण संध्याकाळी यायचा. काकींच्या पाया पडायचा नाही, गळ्यात हात टाकायचा.

माझी पहिली बातमी कळंबच्या एका रिसॉर्टची होती. सिनेमातली एक नटी तिथे शनिवार-रविवार राहायला आली होती. मी गेटपर्यंत जाऊन आले होते, गाडीचा फोटोही आणला होता.

"आली?" काकींची पाठ म्हणाली.

"हो."

"मग?"

"आज सकाळी गेली."

"झालं तर," त्या म्हणाल्या. वाल पडत होते.

मला राग आला. मी पिशवी उचलली आणि उगाच आपलं बोलायचं म्हणून बोलले, की तिथे जायला मला फार वेळ लागला. रस्त्यात एक मयत आडवी आली. वाडीतली माणसं तिरडी घेऊन शेताच्या बांधावरून लांबून वळसा घालत होती. रिसॉर्टची नवी भिंत त्यांच्या स्मशानाच्या वाटेवर आली आहे म्हणे.

हात थांबले. खुर्ची वळली. जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा बाकावर बसले.

"परत सांग. कोण वारलं? नाव काय?"

मला नाव माहीत नव्हतं. त्याच उन्हात मी पुन्हा कळंबला गेले, नाव आणलं, वाडीतल्या माणसांशी बोलले, रिसॉर्टच्या मॅनेजरशी बोलले. बातमी पहिल्या पानावर आली. पावसाळ्याआधी त्या भिंतीला दार बसलं. कुलूप नसलेलं. मी हरखून काकींना सांगायला गेले तर त्या एवढंच म्हणाल्या, "तुझं सांगून झाल्यावर तू जे बोलतीस ना गं मनी, ते आधी बोलत जा."

नाव हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. कुणाचं? कुणाला? नाव सांग. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता वाढदिवसाच्या वह्यावाटपाची बातमी घेऊन आला. साहेबांचा हसरा फोटो, सोबत अख्खं भाषण. काकींनी पाठीमागे न बघता विचारलं, "वह्या कुणाला दिल्या? एका पोराचं नाव सांग." त्याला सांगता येईना. बातमी आली नाही. पुढच्या वर्षी तो शहाणा होऊन आला, एका मुलीचं नाव, गाव, इयत्ता, सगळं पाठ करून. काकींनी त्या मुलीचा फोटो छापला. तिला कुठला विषय आवडतो ते छापलं. वह्या कुणी दिल्या ते शेवटच्या ओळीत होतं. कार्यकर्ता तणतणत आला, पण तोवर त्या मुलीचा बाप अंकाच्या प्रती मागायला जिन्यात उभा होता. तो हात जोडून उभा राहिलेला पाहून कार्यकर्ता आल्या पावली जिना उतरला.

त्या संत होत्या असं मात्र कुणी समजू नये. चहाच्या आधी त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. टीव्हीवरच्या मालिकांतल्या सुनांचे हाल त्या मला खऱ्या शेजारणींचे सांगाव्यात तसे सांगायच्या. गावातली कुचुकुचू तर त्यांना फार प्रिय होती. कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली, कुणाच्या घरी भांडी आपटली, सगळं डोळे बारीक करून ऐकायच्या आणि वर म्हणायच्या, "ऐकायला ग्वाड हाय. छापायला नाय." आणि चुकायच्याही. एक म्हातारे गृहस्थ वाकलेल्या विजेच्या खांबाची तक्रार घेऊन सारखे यायचे. शेजाऱ्याशी त्यांचं जुनं वाकडं, म्हणून हे त्यातलंच काहीतरी, असं काकींनी धरलं. वादळात तो खांब पडला, त्यांची म्हैस जागेवर गेली. काकी त्यांच्या ओटीवर जाऊन बसल्या. म्हातारे बोलेनात, तरी उठल्या नाहीत. पुढच्या अंकात त्यांनी आपल्या नावाने छापलं, की ही बातमी आमच्याकडे आधीच आली होती आणि आम्ही ती ओळखली नाही.

हे सगळं मी शिकत होते, त्यांच्या धाकात होते, मनातून त्यांना मानत होते. पण त्या काय होत्या हे मला कळलं ते कशेळ्याला.

त्या दिवसांत मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुठला तरी फोटो, कुठलं तरी रडणं, खाली लिहिलेलं, आपल्या भागात सावध राहा. आमच्या अंकाचं मोबाइलवरही पान होतं, ते मी सांभाळायचे. त्यावर लोक विचारायचे, तुम्ही का देत नाही ही बातमी? एका दुपारी मी जेवून हात पुसत होते आणि फोन थरथरत सुटला. कशेळ्याच्या नाक्यावर हिरवा टेंपो अडवलेला, भोवती माणसं, एक माणूस खाली पडलेला. सोबत मजकूर, मुलं पळवणारी टोळी कशेळ्यात रंगेहाथ पकडली. तालुक्यातल्या दोन-चार पानांनी ते टाकलंही होतं.

मी काकींच्या पाठीला सगळं वाचून दाखवलं. हात थांबले नाहीत.

"पोर कुणाचं?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग बातमी नाय," त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्याच क्षणी ताट टेबलावर ठेवून उठल्या. "पण खाली पडलेला माणूस हाय. स्कूटी काढ."

"काकी, पोलिसांना फोन करू."

"वाटंत कर."

फोन लावला तो जिना उतरता उतरता. पोलीस निघाले होते. काकी मागे बसल्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी धरून. भाताची कापणी झालेली होती, खळ्यांवर माणसं होती, म्हशी रस्ता ओलांडत होत्या. कुठेही काही बिघडल्यासारखं दिसत नव्हतं. नाका जवळ आला तसा मला आधी आवाज ऐकू आला. टेंपोच्या टपावरचा भोंगा चालूच होता. कुणी तो बंद केला नव्हता. "गॅस की शेगडी रिपेअर करा लो, कुकर की सीटी, कुकर का रबर..." तेच ते, परत परत, आणि त्याच्याखाली माणसांचा आरडाओरडा.

आमच्या भागात हे शेगडीवाले गावोगाव फिरतात. टेंपोची पुढची काच फुटली होती. वयाने मोठा असलेला माणूस चाकाला टेकून बसला होता, कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. दुसरा, विशीतला पोरगा, जमिनीवर अंगाचं मुटकुळं करून पडला होता आणि माणसं त्याला आळीपाळीने मारत होती. बाकीच्यांचे हात मोबाइल धरून वर होते. जीपवाले, भाजीवाले, दुकानदार, सगळे ओळखीचे चेहरे. आमचा अंक घेणारे.

काकी गर्दीत शिरल्या. मी त्यांचा पदर धरून मागे. ठेंगणीठुसकी बाई, साधी सुती साडी, पण लोक वाट देत गेले. "काकी, तुमी कशाला आलात? मागं व्हा." "काकी, लागंल." त्या थांबल्या नाहीत. पडलेल्या पोराच्या आणि मारणाऱ्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि पिशवीतून पेन काढलं.

"पोर कुणाचं गेलं?"

"अवो काकी, टोळी हाय ही!"

"आसंल. पोर कुणाचं गेलं? मला छापायचं हाय. नाव सांगा."

"वरच्या वाडीतलं गेलंय म्हणं."

"कुणाचं? बापाचं नाव?"

तो माणूस मागे वळून दुसऱ्याकडे बघायला लागला. दुसरा तिसऱ्याकडे.

"मोबाइलवर आलंय, काकी. समद्यांना आलंय."

"मोबाइलला पोर हाय काय?" काकींचा आवाज चढला नव्हता. ऑफिसात मला विचारायच्या तसाच होता. "ज्या आईचं पोर गेलं ती गप बसंल काय घरात? कुठं हाय ती? तिला पुढं आणा. तिच्या तोंडून ऐकते. तुमी एवढी जनं हाय, एकाला पन तिचं नाव ठावं नाय?"

तेव्हा मला संदेश दिसला. त्यांच्या अगदी समोर. हातात लाकडी दांडकं होतं, शर्टावर रक्ताचे शिंतोडे होते, त्याचे स्वतःचे नव्हेत. त्याची साइट तिथून जवळ होती. त्याचा चेहरा मी ओळखलाच नाही आधी.

"काकी, तू बाजूला हो," तो म्हणाला. "तुला ठावं नाय ही मानसं कशी आसतात."

काकी त्याच्याकडे बघत राहिल्या. दांडक्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं. "तुला ठावं हाय ना? मग तू सांग. पोर कुणाचं?"

मागून कुणीतरी दगड मारला. तो त्या पोरासाठी असेल, पण काकींच्या खांद्यावर बसला. त्या हेलपाटल्या, चष्मा खाली पडला. मी किंचाळले. त्या चष्मा उचलायलाही वाकल्या नाहीत. वाकल्या असत्या तर पोराची आणि मारणाऱ्यांची मधली जागा मोकळी झाली असती, हे मला फार नंतर उमगलं.

"मनी, मला दिसत नाय. तू लिही," त्यांनी पेन माझ्याकडे केलं. "हां, बोला. नाव सांगा."

मी पेन धरून उभी राहिले. वर तो भोंगा, कुकर की सीटी, कुकर का रबर. माणसं एकमेकांकडे बघत होती. वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली यायला लागले. मग बाजूच्या चाळीतून एक बाई पुढे आली, पदराने तोंड दाबत.

"काकी, माझा गण्या बसलेला टेंपोत," ती म्हणाली. "त्याला त्या भोंग्याचं बटन दाबायचं होतं. त्यांनी बसवला त्याला, आनि उतरवला पन. तो घरी हाय. जेवतोय. मी मघाधरनं सांगते, कोन आयकतच नाय."

काकींनी तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी उभं केलं. "मोठ्यांदा सांग गं बाई. माझ्या कानात नको. ह्यांना सांग."

तिने मोठ्याने सांगितलं. मी आजवर सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले. पण एवढी माणसं एका प्रश्नाने पांगताना त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. कुणी टेंपोचा भोंगा बंद केला. कुणी पाणी आणलं. पोलिसांची गाडी आली तेव्हा काकी खाली बसून त्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन होत्या आणि त्याला विचारत होत्या, "नाम क्या है बेटा? साथ में कौन हैं? उनका नाम?" पोराचं नाव पप्पू, सोबतचा त्याचा मामा, नाव रामसजीवन. खोपोलीला भाड्याच्या खोलीत राहायचे.

काकींच्या खांद्याचं हाड चिरलं होतं. दवाखान्यात गळ्यात झोळी अडकवून बसल्या होत्या, तिथूनच मला म्हणाल्या, "खोपोलीला जा. त्या मामाच्या बायकोला सांगून ये."

मी गेले. चाळीच्या त्या टोकाच्या खोलीचं दार उघडंच होतं. रामसजीवनची बायको उंबऱ्यात बसली होती, हातात फोन. तिला माझ्याआधी व्हिडिओ पोचला होता. आपल्या नवऱ्याला मारताना तिने पाहिलं होतं, आणि पुढे काय झालं ते त्यात नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "ज़िंदा हैं?"

"हां. दोनों ज़िंदा हैं."

ती बसल्या जागी आडवी झाली. शेजारणींनी तिला सावरलं.

मी परत येऊन हे काकींना सांगितलं. त्या वेळी त्यांचं तोंड माझ्याकडेच होतं, कारण पलंगावर वळायची सोय नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. "एवढ्या लोकांनी फोटो काढले," त्या म्हणाल्या, "आनि तिला पाहिजे होती ती बातमी कुनाकडंच नव्हती."

दुसऱ्या दिवशी मुंबईहून वाहिनीवाले आले. जमावाला एकटीने रोखणारी संपादिका, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. काकींनी त्यांना चहा पाजला, त्या बाईचं नाव सांगितलं जी चाळीतून पुढे आली होती, टेंपो कुठे उभा आहे ते सांगितलं. स्वतःबद्दल म्हणाल्या, "मी प्रश्न इचारला. तो माझा धंदाच हाय. त्यात काय बातमी?" कॅमेरा परत गेला.

आमच्या अंकाचं पहिलं पान त्यांनी दवाखान्यातून मला सांगितलं. मी मथळा केला होता, कशेळ्यात जमावाची अमानुष मारहाण. त्यांनी तो खाली घ्यायला लावला. "आज तालुक्यातली एकूणएक आई कशाला भ्याली हाय? पोर जाईल म्हनून. मग तिला आधी ते सांग." सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलं, *कशेळ्यात एकही मूल बेपत्ता नाही.* कुठल्याही पत्रकाराला शिकवतात की जे घडलं ती बातमी. न घडलेली गोष्ट पहिल्या पानावर एवढी मोठी मी तेव्हाच पाहिली. खाली मारहाणीची हकिकत, रामसजीवन आणि पप्पूची नावं, त्यांना काय काय लागलं ते. आणि मग पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांची नावं.

दीर आले ते मी ही नावं वाचून दाखवत असताना. सज्जन माणूस. आयुष्यात वहिनींपुढे आवाज चढवलेला नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"वैनी, एक नाव गाळा."

काकींनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"तुमच्या हातून जेवलेला पोर हाय तो. पोलीस काय करायचं ते करतील. पन आपल्याच अंकात नको. त्याचं लगीन जमत आलंय."

"भावजी," काकी म्हणाल्या, "बाकीच्यांच्या आया माझ्याकडं आल्या नायत. त्यांना ठावंच नाय कुठं यायचं ते. तुमी आलात, कारण अंक घरचा हाय. घरचा हाय म्हनून तुमचं ऐकलं, तर उद्या मी कुनाला नाव इचारू?"

दीर रडायला लागले. काकीही रडत होत्या. मी कोपऱ्यात कागद धरून उभी. जरा वेळाने काकींनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "संदेशचं नाव पयलं घे. दांडकं त्याच्या हातात मी बघितलंय, पोलिसांना तसं सांगितलंय. आनि नावापुढं लिही, या साप्ताहिकाच्या संपादकांचा पुतण्या."

अंक तसा निघाला. कर्जतमध्ये तो लोकांनी उभ्या उभ्या वाचला. कुणी काकींना हात जोडले, कुणी म्हणाले असली कसली बाई, घरच्याला खाल्लं. संदेशचं लग्न मोडलं. जामिनावर सुटून आला, पण माडीचा जिना त्याने पुन्हा चढला नाही. गणपतीला काकींना दिरांकडे, मोठ्या घरी, बोलावणं आलं नाही. त्यांनी खोलीवरच उकडीचे मोदक केले, मला वाढले, आणि जेवताना खिडकीतून बघत म्हणाल्या, "संदेशचा जायचा रस्ता ह्योच हाय." एवढंच. तक्रार केली नाही आणि पश्चात्तापही नाही. खांदा दुखायचा, त्याची मात्र भरपूर तक्रार करायच्या.

वर्ष उलटल्यावर त्यांनी मला एक बारकीशी बातमी लिहायला लावली. कशेळ्याच्या बाजूला आता शेगडी दुरुस्त करायला कुणी येत नाही, बायका पिशवीत शेगड्या घालून एसटीने कर्जतला येतात. मी म्हटलं, काकी, ही काय बातमी? त्या म्हणाल्या, "स्टँडवर जाऊन उभी ऱ्हा." मी गेले. वरच्या वाडीतली एक म्हातारी शेगडी मांडीवर घेऊन बसली होती, बाळाला घेऊन बसावं तशी. मी विचारलं, आजी, एवढ्या लांब? ती म्हणाली, "आमच्याकडं कोन येल बाय आता?" मी ते तसंच लिहिलं. तीन-चार ओळींची बातमी, पण त्या आठवड्यात लोक दुसऱ्या कशाबद्दल बोललेच नाहीत.

पुढच्या थंडीत काकी गेल्या. हृदयाचं दुखणं, फार लांबलं नाही. अंत्ययात्रेला अख्खी बाजारपेठ बंद होती. संदेशने खांदा दिला.

दोन दिवसांनी सकाळी मी ऑफिसात एकटीच त्यांच्या निधनाची बातमी लिहीत होते आणि जिन्यात पावलं वाजली. संदेश दारात उभा. बस म्हटलं तर बसला नाही.

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. जन्म, लग्न, साप्ताहिक, कळंबची भिंत. मग वाक्य होतं, कशेळे येथे जमावाच्या तावडीतून त्यांनी दोघांचे प्राण वाचवले.

"जमाव म्हंजे कोन?" संदेश म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं.

"माझं नाव घाल त्यात."

"काकींनी छापलंय की तेव्हाच. झालं ते, संदेश."

"तिनं छापलं. मी कुठं सांगितलंय अजून?"

"तुझी केस चालू आहे."

"ठावं हाय मला."

मी पुन्हा लिहायला घेतलं. माझ्या हाताला ते जड जात होतं. लिहिलं, या जमावात त्यांचा पुतण्या संदेश हाही सापडला होता. त्याला वाचून दाखवलं.

"सापडलो नव्हतो गं," तो म्हणाला. "मारत होतो. तसं लिही."

मी वाक्य खोडलं आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं. त्याने कागद हातात घेऊन ते वाचलं, माझ्याकडे परत दिला आणि जिना उतरला. खिडकीतून पाहिलं तर खाली रस्त्यावर त्याचे वडील थांबले होते, टोपी हातात घेऊन.

"घातलं नाव?" त्यांनी विचारलं.

"घातलं," संदेश म्हणाला. आणि ते दोघे बाजारपेठेतून, दोन्हीकडच्या उघड्या दुकानांच्या मधून, चालत घरी गेले.